अनुभव धागा: उरलंय, जेवायला ये!

मुलगी शिकायला बाहेर गेली, त्याला आठ महिने झाले. खोली आवरली, मनही बरंचसं आवरलं, पण हाताला कोण सांगणार? तांदूळ अजून तीन वाट्याच घेतले जातात. शेवटी एका बुधवारी मैत्रिणीला फोन केला, "उरलंय, जेवायला ये." तेव्हापासून बुधवार तिचा. घर, नोकरी, तब्येत, माणसं, काहीही बदललं असेल, त्यानंतर तुमच्या पंगतीत कोण आलं, कोण गळलं? लिहा. पाककृती नकोत.

---

हे गेले तेव्हा महिनाभर डबे येत होते. मग थांबले, थांबणारच. ओट्यावर सात रिकामे डबे उरले आणि एक निळं झाकण, कशालाच न बसणारं. डबे परत करायच्या निमित्ताने मी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले. प्रत्येक घरी "बस ना, दोन घास खा" झालं. झाकणाचा मालक अजून सापडलेला नाही. मीही फार शोधत नाही.

---

आजारपणात मला वास येणंच बंद झालं, चार महिने. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शासारखी भरीव चव) एवढंच कळतं. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा झाला होता. मित्र समोर बसून धावतं वर्णन करायचा: "कांदा जरा जास्त परतलाय... आता आलं लागलं." आधी राग आला. मग त्याची सवयच लागली. कुरकुरीत, गार, झणझणीत हे मात्र जाणवायचं, म्हणून तो मुद्दाम तसलंच आणायचा. दूध नासलंय का, हेही त्यालाच हुंगायला लावायचो. वास परत आल्यावर कळलं, बरंचसं वर्णन तो मनानेच रचत होता. लबाड.

---

मधुमेह निघाला आणि बोलावणी बंद! "तुला चालणार नाही ना." अरे, मला विचारा तरी. आता मीच मला चालणारा एक पदार्थ करून नेतो. वैताग एवढाच की तोच आधी संपतो.

---

थोडा वेगळा सूर. घटस्फोटानंतर सगळ्यांनी मला जेवायला नेण्याचा चंगच बांधला होता. मला एकटीला, पुस्तक टेकवून, पातेल्यातूनच खायचं होतं. सहा महिने तसंच केलं आणि मजा आली. आता बोलावलंत तर येईन.

---

तीन वाट्यावाल्या ताई, एक आगाऊ सूचना. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तोही पसरट डब्यात, म्हणजे लवकर गार होतो. आमच्याकडे एकदा रात्रभर ओट्यावर राहिला होता. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील.

---

ताईच बोलतेय. पसरट डबा नाहीये. निळ्या झाकणवाल्या ताई, तुमच्याकडचे सगळे परत केलेत का?