स्पितीचा फेरा: शिमल्याकडून चढावं की मनालीकडून?

पानशेतकर
सप्टेंबरमध्ये चंदीगडहून हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचा दहा दिवसांचा फेरा करायचा आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. चौघं आहोत. आई-बाबा साठीच्या पुढचे, बाबांना बीपीची गोळी चालू आहे. मनालीकडून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) एका दिवसात गाठता येतं, शिमल्याकडून चार-पाच दिवस जातात. मग मनालीकडूनच जावं का? चंद्रताल तळ्यापाशी तंबूत एक रात्र काढायची इच्छा आहे. पेट्रोल कुठे भरावं आणि नाल्यांतून ही गाडी निघेल का, हेही सांगा.

उंचसखल
शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा. आई-बाबा सोबत असताना यात दुसरा विचारच नको. मनाली साधारण ६,७०० फुटांवर आहे. तिथून निघून त्याच दिवशी जवळजवळ १५,००० फुटांचा कुंझुम ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडायचा आणि १२,००० फुटांवरच्या काझात झोपायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकेदुखी नि उलट्या ठरलेल्या. ते चार-पाच दिवस वाया जात नाहीत, शरीर तेवढ्यात विरळ हवेला सरावतं.

पहिला मुक्काम नारकंडा, दुसरा-तिसरा सांगला. चितकुल ११,३०० फुटांवर आहे, ते दिवसा बघून झोपायला सांगल्यात परत या. चौथी रात्र कल्पा. पाचव्या दिवशी नाकोचा तलाव बघा, पण मुक्काम ताबोत करा; ताबो नाकोपेक्षा हजारेक फूट खाली आहे, झोप नीट लागते. ताबोचा मठ इ. स. ९९६ चा, मातीच्या भिंतींचा. आत अंधार असतो आणि फोटोला बंदी आहे, म्हणून बॅटरी घेऊन जा आणि भित्तिचित्रांपुढे सावकाश उभे राहा. संपूर्ण फेऱ्यात मला याहून मोलाची जागा वाटत नाही. मग धनकर करून काझा, तिथे तीन रात्री. लांगझा, हिक्किम, कोमिक एका दिवशी. की गाव, किब्बर, चिचमचा पूल दुसऱ्या दिवशी. ही गावं १४,००० फुटांच्या आसपासची, त्यामुळे संध्याकाळी काझात उतरायचंच.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. स्पितीत पाऊस फारसा पोचत नाही, पण वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात पोचतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ज्यूरी ते करछम पट्ट्यात दरडी कोसळतात. सप्टेंबरात सफरचंदांचे ट्रक भरपूर असतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. भारतीयांना या रस्त्यावर इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा परवाना) लागत नाही, पण प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ असू द्या.

बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटा. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

दुसरा_गिअर
गाडीचं सांगतो. कल्प्याखालच्या पोवारीचा पंप सोडला की पुढचा थेट काझात, सुमारे २०० किमी. काझाहून मनालीही तितकंच. काझात निघायच्या आदल्या दिवशीच टाकी फुल करा, कारण कधीकधी साठा संपलेला असतो.

काझा ते लोसर रस्ता ठीक आहे. खरी कसोटी कुंझुमपलीकडे, बातल ते ग्रामफू. अंतर जेमतेम ५० किमी, पण नदीपात्रातले गोटे पसरल्यासारखा रस्ता आणि मध्ये नाले. हॅचबॅक निघते, फक्त सामान कमी ठेवा आणि मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका, त्यावर चाक चढवा. मधे घेतला की ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटायची भीती.

नाल्याचं गणित वेळेचं आहे. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढतं. म्हणून काझा पहाटे पाचला सोडा. पाण्याआधी थांबून पुढची गाडी कुठून जाते ते बघा. एसी बंद, पहिला गिअर, पाय एक्सिलरेटरवर एकसारखा. मध्येच क्लच दाबला की गाडीचा जोर तुटतो आणि चाक गोट्यांत अडकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, फिल्टर उघडून बघा. पार झाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप घ्याच. पण टायरची बाजू फाटली तर रबरी पट्टीचा उपयोग नाही, म्हणून स्टेपनीची हवा निघण्याआधीच तपासा.

पानशेतकर
दोघांचे आभार. दिशा ठरली. चंद्रताल मग येताना जमेल?

उंचसखल
जमेल, कारण तोवर काझात तीन रात्री झालेल्या असतील. तरी तळं १४,००० फुटांवर आहे आणि रात्री पारा शून्याखाली जातो. काझाच्या शेवटच्या रात्री बाबांचं डोकं दुखत असेल किंवा झोप लागली नसेल, तर तळं दिवसा बघून पुढे निघा. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, कॅम्प काही किमी अलीकडे असतात आणि थंडी वाढली की आवरायला लागतात. बुकिंग करताना तारीख विचारून घ्या. लोसर ते कोकसर फोनवर भरवसा नाही, त्यामुळे घरी आधीच कळवून ठेवा.

दुसरा_गिअर
तंबूत राहिलात तर एक फायदा आहे: बातलचे नाले सकाळी सात-आठलाच पार होतील. कोकसरनंतर डांबरी रस्ता आणि अटल बोगदा. रोहतांग खिंडीचं परमिट त्यासाठी लागत नाही.