मदत हवी आहे: प्लाझ्मिड गेला की जिवाणूची उग्रताही जाते का?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी हा विषय मीच हौसेने मागून घेतला आणि आता पुरता अडकलोय.

अँथ्रॅक्सपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्या जिवाणूत दोन प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे) असतात. पीएक्सओ-१ वर विषाची तीन जनुकं, पीएक्सओ-२ वर कवचाची. जनावरांच्या लशीतल्या स्टर्न स्ट्रेनमध्ये दुसरा नसतो. विष बनतं, पण कवच नाही, त्यामुळे शरीर त्याला आवरतं. मी वहीत ठोकून दिलं: प्लाझ्मिड काढा, रोग संपला.

मग शिगेला (आमांशाचा जिवाणू) आडवा आला. त्याचा सुमारे २२० किलोबेसचा (म्हणजे डीएनएच्या सुमारे २.२ लाख अक्षरांचा) प्लाझ्मिड गेला की तो आतड्याच्या पेशीत शिरूच शकत नाही. इथवर ठीक. पण १९८३ साली हाच प्लाझ्मिड ई. कोलाय के-१२ या प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जिवाणूत घातला, तर तो पेशीत शिरायला लागला, तरी पुरता रोगकारक काही झाला नाही! मग उग्रतेचं श्रेय प्लाझ्मिडला द्यायचं की नाही? आणि एवढं ओझं जिवाणू बाळगतो तरी कशाला? मॅडम हे विचारणारच.

प्रतिसाद १:
अँथ्रॅक्सवरून सगळ्यांना एकच नियम लावलात, तिथे गाडी घसरली. त्याच प्रयोगात शिगेलाच्या गुणसूत्राचे काही तुकडेही घातले, तेव्हा कुठे गिनीपिगच्या डोळ्याची चाचणी (जिवाणू डोळ्यात टाकून दाह होतो का ते बघायची) पॉझिटिव्ह आली. त्या प्रयोगातल्या शिगेला फ्लेक्सनेरीत पृष्ठभागावरचा ओ-अँटिजेन (साखरेच्या साखळ्यांचा थर) गुणसूत्रावरून येतो, आणि प्लाझ्मिडवरच्या जनुकांना ३० अंशांवर गप्प बसवणारं एच-एनएस प्रथिनही तिथलंच. ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, ती पकड सुटते. शिवाय के-१२ मध्ये कॅडए जनुक आहे. त्यातून बनणारं कॅडाव्हरिन शिगेलाच्या विषाला अडवतं, म्हणून शिगेलाने ते जनुक गमावलंय. हे सेमिनारमध्ये जरूर सांगा, लोक फक्त 'काय मिळवलं' तेवढंच मोजतात.

ओझ्याचं म्हणाल, तर प्लाझ्मिडवर विष-उताऱ्याची जोडी असते. प्लाझ्मिड गेला की उतारा लवकर मोडतो, विष मागे उरतं आणि जिवाणूची पेशीच गोत्यात येते. तरीही ३७ अंशांवर पुन्हापुन्हा सबकल्चर केलं की प्लाझ्मिड किंवा त्याचे तुकडे गळतातच. काँगो रेड हा रंग घातलेल्या प्लेटवर प्लाझ्मिडवाल्या वसाहती लाल होतात; त्यांत पांढऱ्या दिसल्या तर प्लाझ्मिड गळला असं समजा.

धागाकर्ता:
आभार! आमच्या प्लेटवरच्या पांढऱ्या वसाहती मी आजवर भेसळ समजून फेकत होतो.