‘नॉकिंग’ला ठोका म्हणावं की तडतड?

धुळ्याहून

जुन्या मोटरसायकलींच्या दुरुस्तीवर मराठीत एक टिपण लिहितोय. ‘इंजिन नॉकिंग’साठी ‘ठोका’ चालेल का? गॅरेजात टकटक, खडखड, ठोके असं काहीही म्हणतात.

चाळीसगावहून

दादा, ‘ठोका’ नका वापरू, विनंती आहे. या एका शब्दापायी माझ्या वडिलांच्या जुन्या शंभर सीसी गाडीचं इंजिन विनाकारण खोललं गेलं. मी गॅरेजात सांगितलं, “गाडी ठोके मारतेय.” मिस्तरीच्या लेखी ठोका म्हणजे खालचा, क्रँककडचा (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याकडचा) आवाज. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं की येतो तो जड, भरीव. त्यानं माझा शब्द खरा मानला, क्रँक उतरवून बेअरिंग बदललं. पुढच्याच आठवड्यात कन्नड घाट चढताना आवाज होता तस्साच.

मग एका वयस्कर मिस्तरीबाबांकडे गेलो. आवाज कसा आहे हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, “आवाज कव्हय येस?” कधी येतो? चढावर, टॉप गिअरमध्ये, मूठ पिळली की. मूठ सोडली की लगेच गप्प. “मंग तो ठोका नही, तडतड शे.” कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये कचरा होता. जोर लागला की पेट्रोल कमी पडायचं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ व्हायचं, इंजिन तापायचं. जेट साफ केलं आणि तडतड गेली.

हा शब्द मला पुरेपूर पटतो. मोहरी तडतडते, फुलबाजी तडतडते, म्हणजे तडतडीत उष्णता आलीच. आणि खऱ्या नॉकिंगमध्ये कुठलाच भाग दुसऱ्यावर ठोकत नसतो. प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्योत पसरत असते. तिच्या पुढ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं, ज्योत पोचण्याआधीच, आपोआप पेटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, त्यांचा तो आवाज. हेडमध्ये साचलेला कार्बन, ठिणगीचं जास्त पुढे गेलेलं टायमिंग, पातळ मिश्रण, कमी ऑक्टेनचं पेट्रोल ही त्याची कारणं. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, मागे डबलसीट आणि वर घाट!

बाकी आवाजांना शब्द आहेतच. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची बारीक ‘टिकटिक’. चार-स्ट्रोक इंजिनात टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून तिची लयही निम्मी असते. झिजलेल्या पिस्टनची ‘खटखट’ गाडी थंड असताना जास्त. पिस्टन तापून फुगला, फट भरली, की कमी होते. कॅमशाफ्ट फिरवणारी कॅम चेन सैल झाली की ‘खुळखुळ’. ‘इ’ आला की आवाज बारीक, ‘ठ’ किंवा ‘ध’ आला की जड, हे मराठी कानाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच हे सगळे आवाज ‘नॉकिंग’ या एकाच पोत्यात भरलेले बघून जीव तुटतो.

भुसावळहून

भाऊ, ताशाही तडतडतो की! तिथं कसली उष्णता? तिथं तर काठ्याच आपटतात.

चाळीसगावहून

हो, ताशा राहिला, तुमचं म्हणणं मान्य. पत्र्यावर गाराही तडतड वाजतात. तेव्हा उष्णतेची अट मागे घेतो. तडतड म्हणजे पातळ, कोरडा, एकामागून एक झपाट्यानं येणारा आवाज, एवढंच पक्कं धरू. नॉकिंगच्या आवाजाला ते वर्णन चपखल बसतं. डब्यात खडे हलवल्यासारखा असतो तो. ठोका मात्र एकेक, सुटा मोजता येतो. छातीचे ठोके मोजतात, तडतड कुणी मोजत नाही.

धुळ्याहून

पटलं. मग ‘इंजिन तडतड करतं’ लिहू की ‘इंजिन तडतडतं’?

चाळीसगावहून

‘चढावर इंजिन तडतडतं’ असं लिहा. नॉकिंग हा शब्द पहिल्या वेळी सोबत ठेवा, गॅरेजवाल्यांना तो ओळखीचा आहे. आणि आवाजाच्या नावाआधी तो कधी येतो ते लिहा: थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की उभ्या गाडीत, क्लच दाबल्यावर बदलतो की नाही. मला त्या दिवशी एवढंच सांगता आलं असतं, तर क्रँक जागचा हलला नसता.