राष्ट्रपती की अध्यक्ष? सत्तेच्या वाटणीचे काही शब्द

प्रश्न

अमेरिकेच्या प्रमुखाला मराठी वर्तमानपत्रं 'अध्यक्ष' किंवा 'राष्ट्राध्यक्ष' म्हणतात आणि आपल्याकडच्या सर्वोच्च पदाला 'राष्ट्रपती'. हिंदी बातम्यांत दोघांनाही राष्ट्रपतीच म्हटलेलं ऐकू येतं. इंग्रजीत तर एकच शब्द आहे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मुलं दोन्ही भाषांतल्या बातम्या बघतात आणि विचारतात, 'बाई, ट्रम्प राष्ट्रपती की अध्यक्ष?' मराठीतला हा भेद नुसता सवयीचा आहे की त्याला काही अर्थ आहे?

प्रतिसाद

बाई, अर्थ आहे आणि तो मुलांना आवर्जून सांगण्यासारखा आहे. इंग्रजी नाव सारखं असलं तरी कारभारात या दोन पदांचं स्थान अगदी वेगळं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा खुलासा मुद्दाम केला होता. हे पदनाम ऐकून अमेरिकेची आठवण होईल, पण नावापलीकडे दोघांत साम्य नाही. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजाच्या जागी आहे, तो राज्याचा प्रमुख आहे पण कार्यकारी सत्तेचा नाही, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

अमेरिकेत कार्यकारी सत्ता खरोखर अध्यक्षाच्या हातात असते. मंत्री नेमताना त्याला सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते, पण काढताना कुणाला विचारावं लागत नाही. मुदत चार वर्षांची, आणि अविश्वास ठराव करून काँग्रेसने (तिथल्या संसदेचं नाव हेच) त्याला घरी बसवावं अशी सोयच तिथे नाही. आपल्याकडे अनुच्छेद ५३ कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवतो खरा, पण अनुच्छेद ७४ लगेच मंत्रिमंडळाचा सल्ला आणतो. १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की मोजके अपवाद सोडले तर राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते कलमातच पक्कं केलं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने एवढी मोकळीक दिली की राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावा लागतो.

म्हणून 'ट्रम्प अध्यक्ष, मुर्मू राष्ट्रपती' असंच शिकवा. हा भेद जपायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण एका शब्दात सगळी राज्यपद्धती मुलांच्या लक्षात राहते.

वर्तमानपत्रं मात्र हा भेद सत्तेच्या हिशेबाने पाळतातच असं नाही. जर्मनीत खरी सूत्रं चॅन्सेलरकडे असतात, तिथलं सर्वोच्च पद आपल्या राष्ट्रपतिपदाच्या जवळचं. तरी मराठी बातमीत तेही 'अध्यक्ष'च. म्हणजे व्यवहारात 'आपले ते राष्ट्रपती, बाकीचे अध्यक्ष' असा संकेत पडला आहे. शिवाय 'अध्यक्ष' हा शब्द आपल्याकडे आधीच कामाला जुंपलेला. लोकसभेला अध्यक्ष, विधानसभेला अध्यक्ष, पक्षाला अध्यक्ष. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या निकालात घटनापीठाने आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला, ते विधानसभेचे अध्यक्ष. त्यामुळे परदेशी प्रमुखांबद्दल लिहिताना पहिल्या उल्लेखात 'राष्ट्राध्यक्ष' लिहावं, पुढे 'अध्यक्ष' चालेल.

आणखी एक. 'राष्ट्रपती' हा शब्द प्रजासत्ताकाहून जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाच्या अध्यक्षांना राष्ट्रपती म्हणत. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे राष्ट्रपती सुभाषबाबू. जुनी कात्रणं वाचताना हे ठाऊक नसलं तर घोटाळा होतो.

उपप्रश्न

मग 'नकाराधिकार' हा शब्द दोघांनाही लावावा का? 'राष्ट्रपतींनी नकाराधिकार वापरला' असं वाचल्याचं आठवतं.

प्रतिसाद

अमेरिकेच्या बाबतीत नकाराधिकार अगदी नेमका बसतो. व्हेटो म्हणजे लॅटिनमध्ये 'मी मना करतो', आणि प्राचीन रोममध्ये ट्रिब्यून म्हणजे सामान्य जनतेने निवडलेल्या अधिकाऱ्यांकडे तो अधिकार होता. गंमत अशी की अमेरिकेच्या संविधानात तो शब्द कुठेच येत नाही, पण रीत तपशिलात दिली आहे. विधेयक अध्यक्षाकडे गेलं की रविवार सोडून दहा दिवस. त्याने सही करावी किंवा ज्या सभागृहात विधेयक जन्मलं तिथे आक्षेपांसह परत पाठवावं. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर त्याच्या सहीवाचून कायदा होतो. दहा दिवसांत त्याने काहीच केलं नाही तरीही कायदा होतो; मात्र तेवढ्यात काँग्रेस स्थगित होऊन विधेयक परत पाठवायची वाटच बंद झाली, तर विधेयक मरतं. दोन तृतीयांश मतं जमवणं किती कठीण असतं हे तिथल्या राजकारण्यांना पुरतं ठाऊक आहे, म्हणून नकाराची नुसती धमकी ऐकूनही विधेयकाचा मसुदा बदलतो. फ्रँकलिन रूझवेल्टने आपल्या कारकिर्दीत ६३५ विधेयकं अडवली.

आपल्याकडे अनुच्छेद १११ चा शब्द आहे 'अनुमती'. राष्ट्रपती अनुमती देतात, रोखून ठेवतात किंवा धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवतात. संसदेने ते विधेयक साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं की अनुमती द्यावीच लागते. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. याला नकाराधिकार म्हणणं मला पटत नाही. 'विधेयक परत पाठवलं' एवढं पुरे.

खरी फट आहे ती मुदतीची. १११ मध्ये दिवस मोजलेले नाहीत. १९८६ मध्ये लोकांची पत्रं अडवून वाचण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांच्यापुढे आलं. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हाही ते तसंच पडून होतं. इथे मात्र लोक 'पॉकेट व्हेटो' (विधेयक नुसतं खिशात ठेवून दिलेला नकार) म्हणतात, आणि परिणाम पाहता तो शब्द चुकीचा नाही.

राज्यपालांकडे अडलेल्या विधेयकांवरून हाच वाद अलीकडे पेटला. तमिळनाडूच्या दहा विधेयकांबाबत ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपतींना कालमर्यादा आखून दिल्या आणि ती विधेयकं अनुमती मिळाल्यासारखी मानली. त्यावर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली चौदा प्रश्न न्यायालयाकडे पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं : न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही, अनुमती दिली असं मानूनही चालता येत नाही, पण कारण न देता अनिश्चित काळ विधेयक दाबून ठेवलं तर राज्यपालांनी निर्णय घ्यावा, असं न्यायालय मर्यादित स्वरूपात सांगू शकतं. या सगळ्या बातम्यांत 'मंजुरी', 'संमती', 'अनुमती' हे शब्द सरमिसळ येत होते. विधिमंडळ देतं ती मंजुरी, राज्यपाल किंवा राष्ट्रपती देतात ती अनुमती, एवढं पथ्य पाळलं तरी विधेयक कोणत्या टेबलावर अडलं आहे ते वाचकाला कळतं.

आणखी एक प्रश्न

न्यायालय कायदा रद्द करतं तोही एक प्रकारचा नकाराधिकारच नाही का?

प्रतिसाद

नाही. नकाराधिकार वापरणारा 'मला हे पसंत नाही' एवढ्यावर थांबू शकतो. न्यायालयापुढे आधी कुणीतरी तक्रार घेऊन यावं लागतं, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि कायदा संविधानाच्या कोणत्या कलमाला धडकतो ते निकालपत्रात लिहून द्यावं लागतं. याला 'न्यायालयीन पुनर्विलोकन' म्हणतात. 'पुनर्विचार याचिका' ही वेगळी, ती न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा तपासावा म्हणून असते. बातम्यांत हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होतात आणि अर्थाचा अनर्थ होतो.

अध्यक्ष, काँग्रेस आणि न्यायालय या तिघांची ओढाताण एकाच प्रसंगात बघायची असेल तर अमेरिकेतलं १९५२ चं पोलाद प्रकरण बघा. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगार संपाच्या तयारीत. ८ एप्रिलला अध्यक्ष ट्रुमनने आदेश काढून गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. गिरणीमालक न्यायालयात गेले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश बेकायदा ठरवला. त्या निकालात काँग्रेस फार मोलाची ठरली : १९४७ मध्ये कामगार कायदा करताना गिरण्या ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा असा विचार तिथे झाला होता आणि तो नाकारला गेला होता. कायदेमंडळाने जे दिलं नाही ते अध्यक्षाने स्वतःच घ्यायचं नाही, हा त्यातला गाभा. ट्रुमनने गिरण्या परत केल्या. त्यानंतर संप झाला, तरी पुन्हा ताबा घेतला नाही.

पुरवणी : 'राष्ट्रपती राजवट'

वरच्या चर्चेला धरून. हे शब्द संविधानात नाहीत. अनुच्छेद ३५६ मध्ये उद्घोषणा आहे, तीही केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. राष्ट्रपती स्वतः कारभार हाकतात असा समज या शब्दाने होतो, प्रत्यक्षात कारभार दिल्लीतल्या सरकारच्या हाती जातो. महाराष्ट्राने हे १९८०, २०१४ आणि २०१९ असं तीनदा अनुभवलं. २३ नोव्हेंबर २०१९ ला ती पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाज नियमावलीच्या नियम १२ खाली पंतप्रधानांच्या अधिकारात. राष्ट्रपतींनी वेगळी भूमिका घेतल्याचं उदाहरणही आहे. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशाबाबतची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून ही उद्घोषणा न्यायालयात तपासली जाऊ शकते. शब्द रूढ आहे, तो बदलू नये. 'राज्यपाल राजवट' हा पर्याय तर मुळीच नको, जम्मू-काश्मीरमध्ये त्या नावाची वेगळी तरतूद होती.

प्रश्न

२०१९ च्या डिसेंबरात 'ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर' असं वाचून आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, गेलं त्यांचं पद!

प्रतिसाद

तसं पुष्कळांना वाटलं. तिथे प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प, कुणीच दोषी ठरलं नाही. निक्सनने प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच राजीनामा दिला. मथळा 'ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालणार' असा हवा होता. आपल्याकडे संविधान महाभियोग हा शब्द राष्ट्रपतींपुरता वापरतं, अनुच्छेद ६१ मध्ये. न्यायाधीशांसाठी १२४ मध्ये 'पदावरून दूर करणे' आहे. तिथे महाभियोग म्हणणं ही बातमीदारांची रीत.

शेवटचा प्रश्न

राष्ट्रपतीपद की राष्ट्रपतिपद? आणि स्त्री असेल तर?

प्रतिसाद

सुटा शब्द दीर्घ, राष्ट्रपती. समासात ऱ्हस्व : राष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिभवन. 'राष्ट्रपती राजवट' दोन शब्दांत लिहितो म्हणून दीर्घ. स्त्रीसाठी वेगळं रूप नको. सेनापती, सभापती यांच्यातला पती म्हणजे पालन करणारा, प्रमुख, नवरा नव्हे. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा यावर बरीच चर्चा झाली आणि पदनाम तेच राहिलं. क्रियापद बदलतं : राष्ट्रपती म्हणाल्या, राष्ट्रपतींनी अनुमती दिली.