पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय: इम्प्लांट बसवावं की फ्यूजन?

प्रश्न (फिजिओ, अंबाजोगाई)
पेशंट बाई, वय ५४, शेतमजुरी. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा, वरच्या बाजूने हाड वाढलेलं, अंगठा जेमतेम २० अंश वर येतो. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. एक्स-रेवर ग्रेड ३ (झीज बरीच पुढे गेलेली) लिहून आलंय. फ्यूजनचा (दोन हाडं जोडून सांधा कायमचा बंद करण्याचा) सल्ला मिळालाय, पण खुरपणी उकिडवं बसूनच होते, म्हणून घरचे तयार नाहीत. मुलाने मोबाईलवर जेलचं इम्प्लांट पाहिलंय, 'सांधा हलता राहतो' म्हणे. काय सांगू?

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ, लातूर)
मुलाने पाहिलं ते बहुतेक कार्टिव्हा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि सलाइनचा गोल बोळा, ८ किंवा १० मिमी व्यासाचा. मेटाटार्सलच्या (अंगठ्यामागच्या लांब हाडाच्या) डोक्यात बोळ्यापेक्षा किंचित लहान भोक पाडून त्यात तो दाबून बसवायचा, दीड-दोन मिमी वर उचललेला ठेवायचा. भोकाभोवती हाडाची २ मिमी तरी कड उरली पाहिजे. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली ती १५२ इम्प्लांट आणि ५० फ्यूजन पेशंटच्या तुलनेवर. दोन वर्षांत दोन्ही गट साधारण सारखे ठरले, पण त्या १५२ पैकी १४ जणांचं इम्प्लांट काढून फ्यूजन करावंच लागलं.

पुढची गोची अशी की हा बोळा हाडाला चिकटत नाही. खालचं हाड मऊ असलं की तो हळूहळू आत रुततो आणि हाडावर हाड पुन्हा घासायला लागतं. रुतणं, सरकणं, तुकडे पडणं अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते बाजारातून परत घेतलं. तेव्हा तो विषय संपला.

सिलिकॉनचे दोन दांड्यांचे सांधे जुने. त्यांचे कण झडून आजूबाजूचं हाड खातात. धातूचं अर्धं इम्प्लांट (सांध्याची एकच बाजू बदलणारं) ढिलं पडू शकतं. आणि कुठलंही काढलं की मागे खड्डा उरतो. मग फ्यूजनला टाचेतून किंवा कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन भरावा लागतो, नाहीतर अंगठा आखूड होतो. दिवसभर उकिडवं बसणाऱ्या पायात मी इम्प्लांट घालणार नाही.

उत्तर २ (अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड)
सरांशी सहमत, पण फ्यूजनवर उडी मारण्याआधी एक तपासा. अंगठा हालचालीच्या मधल्या पट्ट्यात (पूर्ण वर नाही, पूर्ण खाली नाही) धरून, सांध्यावर दाब देत फिरवा. तिथे दुखत नसेल, फक्त वर वाकवताना शेवटी दुखत असेल, तर चिलेक्टॉमी पुरते. म्हणजे मेटाटार्सलच्या डोक्याचा वरचा २५ ते ३० टक्के भाग, वाढलेल्या हाडासकट कापायचा. एक तृतीयांशाच्या पुढे गेलात की सांधा डळमळतो. टेबलावरच अंगठा ७० अंशांपर्यंत वर येतो का ते बघूनच टाके घालायचे. टाके सुकायला लागले की लगेच अंगठा हलवायला लावायचा. पेशंट दुखतंय म्हणून पाय जपून बसली, तर मिळालेली हालचाल व्रणात अडकते. तिथे तुम्हीच लागणार.

फिजिओ, अंबाजोगाई
तपासलं. मधल्या पट्ट्यातही कळ येते, 'आतून करकर होतंय' म्हणाल्या.

उत्तर २ (नांदेड)
मधल्या पट्ट्यातही दुखतंय, मग ते ग्रेड ४ धरा. फ्यूजनच.

यात कोन चुकला की सगळं चुकलं. जमिनीपासून १० ते १५ अंश वर, बाहेरच्या बाजूला १० ते १५ अंश कलता. अंदाजाने स्क्रू मारायचे नाहीत. अवजारांच्या ट्रेचं सपाट झाकण तळव्याला दाबून धरायचं, टाच आणि चवडा टेकले की अंगठ्याच्या टोकाचा खालचा मऊ भाग झाकणाला अलगद लागला पाहिजे. जास्त वर ठेवला तर नख बुटात घासतं. खाली राहिला तर चालताना अंगठा अडखळतो आणि पुढचा सांधा झिजायला लागतो.

हाड न जुळण्याचं एक कारण तंबाखू. 'तंबाखू खाता का' विचारलं की बायका नाहीच म्हणतात. 'मिश्री लावता का' असं विचारा. आणि जोडवी आधीच काढायला सांगा, सूज आल्यावर ती कापावी लागतात.

उत्तर ३ (पादत्राणे आणि ऑर्थोटिक्स, परभणी)
उकिडवं बसणं बंद होत नाही, पद्धत बदलते. टाच पूर्ण टेकवून बसता येतं. टाच उचलून चवड्यावर तोल घेता येत नाही, कारण तिथे अंगठा वाकावा लागतो. खुरपताना ऑपरेशनचा पाय पुढे सपाट, दुसरा गुडघा खाली. नाहीतर बुडाखाली चार इंचाचा पाट.

ऑपरेशननंतर सहा आठवडे टाचेवर भार देणारा सँडल, हाड जुळलेलं एक्स-रेत दिसल्यावर पुढे गोलाई असलेला कडक तळ. अंगठ्याची चप्पल लगेच नको. ऑपरेशन लांबणार असेल तरी असाच कडक तळ आत्तापासून वापरायला द्या, दुखणं बरंच उतरतं.

आणि तारीख कापसाची वेचणी उरकल्यावर घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये काळ्या रानात पाय रुतायला लागतो, त्याआधी हाड पक्कं झालेलं हवं.