आतड्याच्या पेशी रोजच मरतात, मग क्रोन्समध्ये बिघडतं काय?

प्रश्न: धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याला दाह करणारा दीर्घकाळचा आजार) आहे. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘क्रिप्टच्या तळाशी अपॉप्टोटिक पेशी’ असं लिहिलंय, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी ठरल्या पद्धतीने मरणाऱ्या पेशी. पेशी मरणं नेहमीचंच ना? मग काळजी कसली?

प्रतिसाद १: नेहमीचंच. अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. जुनी पेशी गुपचूप गाशा गुंडाळते, शेजारच्या पेशी फट बुजवतात. घोळ होतो नेक्रॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून मरते तेव्हा. एमएलकेएल प्रथिन पेशीचं आवरण फाडतं, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि प्रतिकारशक्ती खवळते. कॅस्पेज-८ हे विकर (एन्झाइम) नेक्रॉप्टोसिसला लगाम घालतं. २०११ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून ते काढून पाहिलं, तर पॅनेथ पेशी (क्रिप्टच्या तळाशी राहून जंतुनाशक द्रव्यं सोडणाऱ्या) नाहीशा झाल्या आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला दाह झाला. उंदीरच ते, पण दिशा कळते.

प्रतिसाद २: उलटी बाजूही बघा. दाह पेटवणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मरायला हव्यात, त्या चिवटपणे टिकून राहतात. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवतं, शिवाय या पेशींना मरायला लावतं. इटानरसेप्ट हे दुसरं औषधही टीएनएफलाच पकडतं, तरी क्रोन्समध्ये त्याचा उपयोग होत नाही; म्हणजे नुसतं टीएनएफ अडवणं पुरत नसावं!

बाकी, तळाशी मेलेल्या पेशी काही औषधांमुळेही दिसतात. गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ता: म्हणजे अस्तरात मरण जास्त, टी-पेशींत कमी. यादी आजच काढतो.