मदत हवी: हॉर्न स्पीकरचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय

पेठेतला_श्रोता
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. बंद पडलेल्या टॉकीजमधली हॉर्न स्पीकरची जोडी घेतलीय. गायकाचा आवाज असा येतो की माणूस समोर सतरंजीवर बसलाय, तबल्याची चाट तर अंगावर येते. पण पेटी सुरू झाली की डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं होतं, आणि बाईंचा आवाज तार सप्तकात गेला की कानात सुई. आधीचे शेल्फवरचे छोटे बॉक्स लावून बघितले, ते गोड आहेत पण त्यात जीवच नाही. मला एवढंच सांगा, हॉर्नचा आवाज असाच असतो का माझ्या जोडणीत काही चुकलंय? रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा आहे, त्यांच्या सगळ्या रेकॉर्डी ह्याच्यावरच लावायच्यात.

सोल्डरवाला
अँप्लिफायर कुठला? खोली केवढी? क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर आणि वरचे सूर वेगळे वाटून देणारी जोडणी, काय आहे? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाहीस भावा, आम्ही इथून काय सांगणार.

तांबडा_पांढरा
हॉर्न म्हणजे कर्णाच की. खासबागेत कुस्तीची कॉमेंट्री ऐकलीय ना, तोच आवाज. घरात गाणं ऐकायला चांगला घुमट ट्विटरवाला (वरच्या सुरांचा छोटा गोल स्पीकर असलेला) बॉक्स घे आणि हे विकून टाक.

कोपऱ्यातला_क्लिप्श
कर्णा आणि हा हॉर्न एक नव्हे. मैदानातला कर्णा आत दुमडलेला असतो, तो लांबवर शब्द कळावेत म्हणून बनवलाय, त्यात खर्जही नाही आणि वरची चमकही नाही. पॉल क्लिप्शचा कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न १९४६ पासून बनतोय आणि लोक आजही घरात त्यावर गाणं ऐकतात. तू दोन्ही खोकी कोपऱ्यात सरकव, भिंती हॉर्नचंच काम करतात.

सोल्डरवाला
@क्लिप्श, त्याच्यात खर्जाचा हॉर्न असतो म्हणून कोपरा लागतो. ह्याचा वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) साध्या खोक्यात असेल तर कोपऱ्यात नुसता घुमेल. आधी माहिती येऊ दे.

मंडळाचा_कार्यकर्ता
चार कर्णे लावायचे असतील तर १०० व्होल्ट लाइनवर लावा, प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मर, वायर लांब गेली तरी आवाज पडत नाही. आमच्या गल्लीत दरवर्षी असंच असतं.

पेठेतला_श्रोता
चार कर्णे नाहीत हो, दोन स्पीकर आहेत, घरात. खोली १० बाय १४, खाली शहाबादी फरशी. अँप ६० वॅटचा जुना स्टिरिओ. खाली १५ इंची वूफरचं खोकं, वर हॉर्न. हॉर्नचं तोंड गोल, साधारण ८ इंच, ड्रायव्हरवर १६ ओहम लिहिलंय. जोडून देणाऱ्या मिस्त्रीनं मध्ये एक कपॅसिटर टाकलाय, वूफर थेट आहे. आणि हो, गाणं बंद असताना हॉर्नमधून सूंऽऽ असा आवाज येतो, हे लिहायचं राहिलं.

रंकाळा_काठ
कपॅसिटरवर आकडा काय आहे??

पेठेतला_श्रोता
२० मायक्रोफॅरड.

सोल्डरवाला
मग सापडलं. १६ ओहमला २० म्हणजे ५०० हर्ट्झच्या आसपासपासून सगळं हॉर्नकडे चाललंय. आणि ८ इंची तोंडाचा परीघ जेमतेम ६४ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५४० हर्ट्झच्या खाली त्याला हवेवर पकडच नाही. त्या सीमेवर तोंडापासून लाट आत परत फिरते आणि ती ओंजळीतून बोलल्यासारखी घरघर येते. पेटीचे मधले सूर बरोब्बर तिथंच पडतात, म्हणून पेटी सगळ्यात आधी बिघडली. शिवाय त्या खालचं चालू ठेवलंस तर ड्रायव्हरचा पडदा फाटेल. ८.२ मायक्रोफॅरडचा नॉनपोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर टाक, मग हॉर्न १२०० हर्ट्झच्या आसपासपासून सुरू होईल.
दुसरं, असा हॉर्न एका वॅटला एका मीटरवर १०५ डेसिबलपर्यंत देतो, तुझे शेल्फवरचे बॉक्स ८७ च्या आसपास. म्हणजे बॉक्सला ६० वॅट लागतात तिथं हॉर्नला एक पुरतो. पडदा जवळजवळ हलतच नाही, म्हणून चाट इतकी ताजी येते, आणि आवाज समोरच जातो, भिंतींवर कमी आदळतो, म्हणून गायक समोर बसल्यासारखा. पण वूफर ९५ च्या आसपास असणार, त्यामुळे हॉर्न त्याच्या डोक्यावर बसलाय. तीच तुझी सुई. कपॅसिटरनंतर १० ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये आणि ड्रायव्हरला समांतर ८.२ ओहमचा लाव, पांढरे सिमेंटचे १० वॅटवाले. साधारण ९ डेसिबल उतरतील, सूंऽऽ पण तेवढाच उतरेल, तो अँपचा आहे, हॉर्ननं फक्त ऐकू आणून दिला.

तांबडा_पांढरा
एवढं करण्यापेक्षा बॉक्सच बरा. बॉक्समध्ये तानपुरा खोलीभर पसरतो, हॉर्नमध्ये एका जागी गोळा होतो. हे तरी मान्य कर.

सोल्डरवाला
तानपुऱ्याचं मान्य. पण मी देवल क्लबात माईकशिवाय पुढच्या रांगेत बसून गाणं ऐकलंय, ते बॉक्समध्ये कधी सापडलं नाही, हॉर्नमध्ये थोडंतरी सापडतं.

जुनी_तबकडी
रेकॉर्डी कुणाच्या आहेत? केसरबाई केरकर आहेत का? अल्लादिया खाँसाहेब आपल्या कोल्हापूर दरबारात होते आणि केसरबाई त्यांच्या शिष्या. त्यांची भैरवी १९७७ च्या व्हॉयेजर यानासोबत गेलीय. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी असेल तर सुई वेगळी लागते, एलपीची चालत नाही, नक्की बघा.

पेठेतला_श्रोता
केसरबाई आहेत, मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, सगळ्या एलपी.
काल रात्री दोन्ही बदललं. ८.२ चा मिळाला, रेझिस्टन्स पण. पेटी पेटीसारखी वाजतीय! सूंऽऽ कान हॉर्नला लावला तरच कळतो. पाच फुटांवर बसत होतो, आता खुर्ची मागच्या भिंतीपर्यंत नेली तर वूफर आणि हॉर्न एकच वाटायला लागले. बाबा दारात उभे राहून केसरबाईंची पूर्ण बाजू ऐकून गेले, बसले पण नाहीत. @सोल्डरवाला दादा, मधे कुठंतरी आवाज अजून थोडा जाड वाटतोय, वूफर थेट आहे म्हणून का?

सोल्डरवाला
व्हय. १२०० च्या वर दोघंही गातायत. वूफर ८ ओहम असेल तर १ मिलीहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये, जाड तारेची घे. रविवारच्या आधी जमलं नाही तरी चालेल, राहू दे.